कावीळ 'उतरवता' येत नाही, ती बरी होते : वसतिगृहातील आपली मुले आणि पिण्याचे पाणी

दरवर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात आमच्याकडे एकाच प्रकारचे फोन येऊ लागतात. फोन करणारा कधी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असतो, कधी ती नर्सिंगची विद्यार्थिनी असते, कधी पोलीस भरतीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी चौघांत एक खोली करून राहिलेला मुलगा असतो. प्रश्न ठरलेला असतो. "दादा, डोळे पिवळे झालेत. घरचे म्हणतात गावाकडे ये, कावीळ उतरवून घेऊ. जाऊ का?"

यंदा एका वसतिगृहातून असे तीन फोन एका आठवड्यात आले. चौकशी केल्यावर कळले की महिन्याभरात त्या इमारतीतील सात मुले आजारी पडली होती. तिघे गावी निघून गेले. एकाच्या खोलीतील मित्रांनी त्याचे ताट-वाटी वेगळी केली. एकाला नातेवाइकांनी नाकात थेंब टाकणाऱ्या माणसाकडे नेले आणि परतीच्या प्रवासात त्याच्या नाकातून रक्त थांबेना, म्हणून सरकारी रुग्णालयात भरती करावे लागले. तो वाचला. पण त्याचे सत्र बुडाले, आणि भरतीचे मैदानही हुकले.

या सातही मुलांना काय झाले होते, ते का झाले, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या सात जणांना होऊ नये म्हणून काय करायला हवे, याचा विचार आपण क्वचितच एकत्र करतो. आजार डॉक्टरांवर सोडतो, कारण नशिबावर सोडतो आणि पाण्याची टाकी कंत्राटदारावर सोडतो. म्हणून हा विषय आम्ही सविस्तर मांडत आहोत.

कावीळ म्हणजे नेमके काय

कावीळ हा आजार नाही, ते आजाराचे लक्षण आहे. जुन्या लाल रक्तपेशी मोडताना शरीरात बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. यकृताला सूज आली की हे काम मंदावते, बिलिरुबिन रक्तात साठते आणि डोळे, त्वचा, लघवी पिवळी दिसू लागते.

तरुणांमध्ये, विशेषतः वसतिगृहांत आणि मेसवर जेवणाऱ्यांमध्ये, एकाच वेळी अनेकांना होणारी कावीळ बहुतेकदा दोन विषाणूंमुळे असते : हिपॅटायटिस ए आणि हिपॅटायटिस ई. दोन्ही विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि दुसऱ्याच्या तोंडावाटे पोटात जातात. मधला वाहक असतो पाणी, बर्फ, न शिजवलेले अन्न किंवा न धुतलेले हात. स्पष्टच बोलायचे तर कुठेतरी सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलेले असते.

हिपॅटायटिस बी आणि सी हे वेगळे विषाणू आहेत. ते रक्तातून, दूषित सुईतून, असुरक्षित लैंगिक संबंधांतून, आईकडून बाळाला पसरतात आणि शरीरात वर्षानुवर्षे राहू शकतात. ए चा विषाणू कायमचा मुक्काम करत नाही. एकदा होऊन गेला की शरीरात त्याच्याविरुद्ध आयुष्यभराची प्रतिकारशक्ती तयार होते. गावाकडे 'पिवळी कावीळ' आणि 'पांढरी कावीळ' असे प्रकार सांगितले जातात आणि 'पांढरी' झाली की माणूस जात नाही तर वाचत नाही, अशी भीती घातली जाते. हे नाव ऐकून घाबरू नका. कोणता विषाणू आहे, हे रक्ततपासणी सांगते.

तरुणांनाच का?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या उत्तरात आपल्या समाजाचा गेल्या दोन पिढ्यांचा प्रवास दडलेला आहे.

हिपॅटायटिस ए सहा वर्षांखालील मुलांना झाला तर बहुतेकांना काहीच होत नाही. फार तर दोन दिवस ताप, थोडी मळमळ. पण तोच विषाणू मोठ्या मुलांना किंवा प्रौढांना झाला तर दहापैकी सातांना कावीळ होते आणि आजार जास्त दिवस अंथरुणाला खिळवतो. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत जवळजवळ प्रत्येकाला तो लहानपणीच, नकळत होऊन जायचा. त्यामुळे मोठेपणी त्याची भीती नसे.

आता घरात नळ आला, संडास आला, आईवडील शिकले, पाणी गाळून-उकळून देऊ लागले. मूल विषाणूच्या संपर्कात न येताच मोठे होते. ही प्रगतीच आहे. पण अठराव्या वर्षी तेच मूल शिक्षणासाठी शहरात येते आणि जिथे राहते तिथली टाकी, तिथली मेस, तिथला बर्फ मात्र तितका सुधारलेला नसतो. अर्धी सुधारणा झालेल्या समाजात हा आजार बालपणातून तारुण्यात सरकतो. पुण्यासह देशाच्या अनेक भागांत अभ्यासकांनी हा बदल नोंदवलेला आहे. केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत हिपॅटायटिस ए च्या ज्या साथी आल्या, त्यांत तरुण आणि प्रौढ मोठ्या संख्येने आजारी पडले, त्याचेही हेच कारण आहे. ज्या राज्यात आरोग्य सर्वात पुढे, तिथेच ही साथ मोठ्यांना गाठते. घर बदलले, पण सार्वजनिक पाणी त्या वेगाने बदलले नाही.

हिपॅटायटिस ई ची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो मुळातच तरुण व प्रौढांना जास्त पकडतो आणि गावे, शहरे एका झटक्यात आजारी पाडतो. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि २९ हजारांहून अधिक लोकांना कावीळ झाली. पाण्यात क्लोरीन टाकलेले होते, त्याने जिवाणू आवरले, पण विषाणू आवरला नाही. साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढे तपासले तेव्हा ती साथ ई ची होती हे सिद्ध झाले. आपल्या महाराष्ट्रात २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि तिने बळी घेतले, तिथेही हिपॅटायटिस ई च होता. हा विषाणू गर्भवती स्त्रियांसाठी फार धोकादायक ठरतो. शेवटच्या तिमाहीत झाला तर मृत्यूचे प्रमाण शंभरात वीसच्या घरात जाऊ शकते. आपल्या विवाहित बहिणींना हे माहीत असणे अत्यंत गरजेचे आहे.

महिनाभरापूर्वीचे पाणी

साथ आली की एक ठरलेला प्रसंग घडतो. मुले तक्रार करतात. कुणी अधिकारी येतो. दोन दिवस आधी टाकी धुतलेली असते, टीसीएल पावडर टाकलेली असते. पाण्याचा नमुना घेतला जातो, अहवाल 'पिण्यायोग्य' असा येतो आणि निष्कर्ष निघतो की मुले बाहेर पाणीपुरी खातात म्हणून आजारी पडली.

हा निष्कर्ष कुठे लंगडा आहे, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. हिपॅटायटिस ए चा विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस लागतात, सरासरी चार आठवडे. म्हणजे आज डोळे पिवळे झाले असतील, तर चूक आजच्या पाण्यात नव्हे, महिनाभरापूर्वीच्या पाण्यात शोधायची असते. त्या काळात पाइप फुटला होता का? टाकी भरून वाहिली होती का? शौचालयाच्या सेप्टिक टँकचे पाणी बोअरजवळ साचले होते का? टँकर कुठून आला होता? मेसमधला आचारी किंवा वाढपी त्या आठवड्यात आजारी होता का? हे प्रश्न विचारले पाहिजेत आणि त्यांची उत्तरे लेखी घेतली पाहिजेत.

दुसरी गोष्ट. पाण्याची नेहमीची तपासणी जिवाणूंची असते. ती चांगली आली म्हणजे विषाणू नव्हताच, असे सिद्ध होत नाही. दिल्लीच्या साथीने हे सत्तर वर्षांपूर्वी शिकवले आहे.

तिसरी गोष्ट. एकट्या मुलाने बाहेर काही खाल्ले तर तो एकटा आजारी पडतो. एकाच इमारतीतील, एकाच मेसमधील सात मुले महिन्याभरात आजारी पडतात तेव्हा त्यांच्यात समान काय आहे, हेच शोधायचे असते. आपण प्रतीत्यसमुत्पादाचे नाव घेणारे लोक आहोत. कारणाशिवाय काही घडत नाही, हे वाक्य फक्त व्याख्यानात म्हणायचे नसते.

आणि हे फक्त काविळीपुरते नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलियन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली, काहींचे प्राण गेले. तेव्हाही संशयाची सुई दूषित पाण्याकडेच गेली आणि काही खासगी आरओ प्रकल्प महापालिकेला बंद करावे लागले. 'आरओचे पाणी आहे' किंवा 'जारचे थंड पाणी आहे' म्हणजे ते सुरक्षितच आहे, हा समज त्या वेळी तरी मोडायला हवा होता.

'उतरवण्याचा' धंदा कशावर चालतो

आता नाकातल्या थेंबांकडे येऊ. देवडांगरीसारख्या कडू वनस्पतीचा रस नाकात टाकला की नाकाच्या आतल्या त्वचेची आग होते आणि पिवळसर पाणी वाहू लागते. 'बघा, कावीळ बाहेर पडतेय' असे सांगितले जाते. बाहेर पडते ते नाकातील स्राव. यकृतातील सूज नाकातून बाहेर पडत नाही.

चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पाणी पिवळे करून दाखवतात. हाताला आधी झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो, चुन्याशी त्याची क्रिया होते आणि रंग येतो. निरोगी माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळेच होईल. काविळीची माळ डोक्यात घालतात, ती हळूहळू लांब होत छातीपर्यंत येते. ओल्या काड्या वाळून आकसतात आणि गाठी सैल होतात, एवढेच त्यात असते. काही भागांत मनगटावर किंवा पोटावर डाग देतात. त्यात भाजलेली जखम आणि वर जंतुसंसर्ग, याशिवाय काहीही मिळत नाही.

मग लोक म्हणतात, आमच्या भावाला तर गुण आला! बरोबर आहे, आला असणारच. कारण हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेकांमध्ये काहीही न करता, आपोआप, काही आठवड्यांत बरा होतो. शरीर स्वतःच तो आजार बरा करते आणि श्रेय माळ घालणाऱ्याला मिळते. पन्नास माणसे आपोआप बरी झाली की पन्नास घरांत त्याचे नाव होते. एक्कावन्नावा दगावला तर 'उशिरा आणला' असे म्हटले जाते.

खरा धोका इथेच आहे. सगळीच कावीळ ए किंवा ई ची नसते. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसमुळे डोळे पिवळे होतात, आणि त्याला प्रतिजैविके वेळेत मिळाली नाहीत तर मूत्रपिंडे जातात. मलेरियातही होते. क्षयरोगाच्या औषधांनीही यकृताला सूज येऊ शकते. विदर्भात आपल्या समाजातही सिकलसेल आढळतो, त्यात रक्तपेशी लवकर मोडल्यामुळे डोळे पिवळे दिसतात. या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. माळ घालून घरी बसलेल्या मुलाला यातले नेमके काय झाले, हे कळायच्या आत दिवस निघून जातात.

बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरांत, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरांत हे चालते, हे आम्ही पाहिले आहे. त्या आईवडिलांना आम्ही दोष देत नाही. पहाटे निघून तालुक्याला जायचे, दिवसाची मजुरी बुडवायची, रांगेत उभे राहायचे आणि डॉक्टरने 'औषध नाही, आराम करा' म्हणून परत पाठवायचे, यापेक्षा शेजारच्या गावातला, चार शब्द आपुलकीने बोलणारा माणूस त्यांना जवळचा वाटतो. म्हणून घरच्यांशी भांडू नका. त्यांना सांगा की तपासणी आधी करू, बाकी नंतर बघू. बहुतेक आईवडील एवढे ऐकतात.

बरे कसे व्हायचे

डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी गडद झाली, जेवण नकोसे वाटले, उजव्या बरगडीखाली दुखू लागले, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. बिलिरुबिन, एसजीपीटी आणि रक्त गोठण्याची तपासणी (पीटी-आयएनआर) करून घ्या. कोणता विषाणू आहे हे कळण्यासाठी अँटिबॉडी तपासणी होते. हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणीही एकदा करून घ्यावी. २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ती आणि पुढचे उपचार मोफत आहेत.

ए आणि ई साठी विषाणू मारणारे ठरावीक औषध सहसा द्यावे लागत नाही. 'औषध नाही' याचा अर्थ डॉक्टर टाळतात असा नाही. यकृत स्वतःला दुरुस्त करते, आपण त्याच्या वाटेत यायचे नाही, एवढेच काम असते.

वाटेत येणाऱ्या गोष्टी कोणत्या? दारू, अगदी थोडीही. मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. तापासाठी पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारूनच, कमी मात्रेत. जिमसाठी घेतलेल्या पावडरी. 'लिव्हर साफ करणारे' म्हणून मिळणारे बिननावाचे काढे आणि चूर्णे, ज्यांत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते.

खाण्याबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहेत. हळद बंद, तेल बंद, फक्त उकडलेले खा, उसाचा रस प्या, असे सांगितले जाते. काविळीत शरीराला अन्नाची गरज असते, उपासमारीची नाही. वरण-भात, भाकरी, भाजी, दही, फळे, जमत असेल तर अंडी, असे साधे घरचे जेवण चालते. हळदीने कावीळ वाढत नाही. तेलकट खाल्ल्याने मळमळत असेल तर तेवढे कमी करा. मळमळ सहसा दिवस चढेल तशी वाढते, म्हणून सकाळी पोटभर खा आणि संध्याकाळी थोडे-थोडे. रस्त्यावरचा, बर्फ घातलेला उसाचा रस म्हणजे ज्या वाटेने आजार आला, त्याच वाटेने पुन्हा जाणे.

आता धोक्याच्या खुणा. वारंवार उलट्या होऊन पाणीही टिकत नसेल, रुग्ण असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोप आणि रात्री जाग असे उलटे होऊ लागले, गुंगी आली, नाकातून-हिरड्यांतून रक्त आले, काळी शौचास झाली, पोट फुगले, तर एक तासही थांबू नका. १०८ ला फोन करा. असे शंभरात एकापेक्षाही कमी रुग्णांत होते. पण तो एक आपल्या खोलीतला असू शकतो. रुग्णाला स्वतःला हे कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळते. म्हणून या खुणा रूममेटना पाठ हव्यात.

डोळ्यांचा पिवळेपणा दोन ते सहा आठवड्यांत ओसरतो. थकवा मात्र मागे रेंगाळतो, काहींना दोन-तीन महिनेसुद्धा. जिना चढल्यावर दम लागतो, पुस्तक उघडले की डोळे मिटतात. हा आळस नाही आणि मनाचा दुबळेपणाही नाही. शंभरात दहा-पंधरा जणांना बरे वाटल्यावर पुन्हा एकदा लक्षणे येतात, बिलिरुबिन परत वाढते. घाबरायचे नाही, तेही बहुतेकांत आपोआप जाते. फक्त तपासणी चालू ठेवायची. भरतीची तयारी करणाऱ्यांनी रिपोर्ट सुधारल्यावर आधी चालणे, मग हळू धावणे, असे आठवड्या-आठवड्याने वाढवावे. मैदान जवळ आले म्हणून पहिल्याच दिवशी १६०० मीटर पळू नका. एक भरती हुकली तर पुढची येते.

आम्हाला माहीत आहे की हे लिहायला सोपे आहे. ज्या घरातून पहिला मुलगा किंवा पहिली मुलगी शिकायला बाहेर पडली आहे, तिथे दोन महिने अंथरुणात पडून राहणे म्हणजे आईवडिलांच्या घामाचे पैसे वाया घालवणे, असे वाटते. अनेक मुले आजार लपवतात ते यामुळेच. त्यांना आम्ही एवढेच सांगू की दोन महिन्यांची विश्रांती हा शिक्षणाचाच भाग समजा. पहिल्या दिवसापासूनची वैद्यकीय कागदपत्रे जपून ठेवा आणि ७५ टक्के हजेरीची अडचण येण्याआधीच प्राचार्यांकडे लेखी अर्ज करून पोच घ्या. नंतर धावपळ करण्यापेक्षा हे सोपे असते.

वेगळे ताट

आजारी मुलाचे ताट वेगळे केले गेले, हे आम्ही सुरुवातीला सांगितले. करणारी मुलेही आपलीच होती, मनाने वाईट नव्हती, घाबरलेली होती. पण वेगळ्या ताटाचा अर्थ आपल्याइतका कुणाला कळणार?

विज्ञान काय सांगते ते पाहू. हिपॅटायटिस ए चा रुग्ण सर्वात जास्त संसर्ग पसरवतो तो डोळे पिवळे होण्याआधीच्या दोन आठवड्यांत. पिवळेपणा दिसल्यावर साधारण आठवडाभरात धोका बराच कमी होतो. म्हणजे ज्या दिवशी आपण त्याला बाजूला बसवतो, त्या दिवसापर्यंत जे पसरायचे ते बहुतांश पसरलेले असते. बोलल्याने, शेजारी बसल्याने, एका खोलीत झोपल्याने हा आजार होत नाही. काळजी घ्यायची ती एवढीच : शौचानंतर आणि जेवणापूर्वी सर्वांनी साबणाने हात धुणे, शौचालय ब्लीचिंगने धुणे, रुग्णाने काही दिवस इतरांसाठी स्वयंपाक न करणे आणि भांडी साबणाने नीट घासणे. भांडी घासायची आहेत, माणूस वेगळा करायचा नाही.

विनयपिटकातील एक प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी ऐकला आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, पलंगावर झोपवले आणि मग संघाला विचारले की तुमचे इथे ना आई ना बाप, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? घरापासून दूर वसतिगृहात राहणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न लागू आहे.

लस, पाणी आणि मागणी

हिपॅटायटिस ए ची लस आहे. जानेवारी २०२४ मध्ये हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या कंपनीने देशात विकसित केलेली 'हॅविशुअर' ही लस बाजारात आणली. पण ही लस आपल्या सार्वत्रिक लसीकरणात समाविष्ट झालेली नाही, ज्याला परवडते तो घेतो. एखाद्याला आजार झाल्याचे कळल्यावर त्याच्या संपर्कातील इतरांनी दोन आठवड्यांच्या आत लस घेतली तर त्यांचा बचाव होऊ शकतो. म्हणूनच साथ सुरू झालेल्या वसतिगृहात बाकीच्या मुलांना सरकारी खर्चाने लस द्यावी, ही मागणी अवास्तव नाही. हिपॅटायटिस ई ची लस मात्र आपल्याकडे सर्वसाधारण वापरात नाही. तिथे पाणी हाच उपाय.

ज्यांना वसतिगृह मिळाले नाही, त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये, त्यात भोजनासाठी ३२ हजार. दहा महिन्यांचे शैक्षणिक वर्ष धरले तर दिवसाला शंभर रुपयांच्या आसपास. त्यात दोन वेळचे जेवण आणि चहा-नाश्ता बसवायचा, म्हणजे सर्वात स्वस्त मेस शोधावी लागते, आणि सर्वात स्वस्त मेस पाण्यावर सर्वात कमी खर्च करते. मुलाच्या 'बाहेरच्या खाण्याला' दोष देणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करावा.

१९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झाले. कागदावरचा हक्क ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावे लागले. त्यानंतर सनातन्यांनी चवदार तळ्याचे 'शुद्धीकरण' केले, आणि ते कशाने? त्याच तळ्यात शेण-गोमूत्राचे घडे ओतून! पाणी घाण करून ते शुद्ध झाले म्हणणारी ही दृष्टी. त्या तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ उजाडले. महाडला २०२७ मध्ये शंभर वर्षे होत आहेत. पाण्याला हात लावण्याचा हक्क आपण मिळवला. ते पाणी प्यायल्यावर आजारी न पडण्याचा हक्क अजून मिळवायचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सुभाष कुमार खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानलेला आहे.

म्हणून शताब्दीच्या बॅनरआधी प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक अभ्यासिकेत चार-पाच जणांची पाणी समिती करा. टाकी कधी धुतली याची तारीख टाकीवरच रंगाने लिहून घ्या. ग्रामपंचायतीत पाणीवाला करतो तशी ओटी टेस्ट शिकून घ्या, नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर हवे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात जिल्हा प्रयोगशाळेतून पाण्याचा नमुना तपासून घ्या आणि अहवाल फलकावर लावा. मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. मेसकडे अन्न सुरक्षा नोंदणी आहे का, ते विचारा. दोनपेक्षा जास्त मुलांना कावीळ झाली की वाट न पाहता तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवा, तारीख घाला, पोच घ्या. आणि तोपर्यंत पाणी उकळा. खळखळून एक मिनिट उकळलेले पाणी हा आजही सर्वात भरवशाचा उपाय आहे. खोलीतील चौघांनी मिळून एक इलेक्ट्रिक किटली घेतली तर तिचा खर्च एका रक्ततपासणीहून फार जास्त नाही.

ज्या वसतिगृहातून यंदा फोन आले, तिथे मुलांनी ही समिती केली आहे. टाकीजवळून जाणारा सांडपाण्याचा फुटका पाइप त्यांनीच शोधला, फोटो काढले, अर्ज दिला आणि पाइप बदलला गेला. नाकात थेंब टाकल्याने रुग्णालयात गेलेला तो मुलगा आता त्या समितीत आहे. टाकीवर तारीख लिहिण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले आहे.